वृद्ध गोगलगाईची शुश्रूषा

वरून भोळा आणि आतून कावेबाज अशा माणसाला उद्देशून ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ असे मराठीत म्हटले जाते. कावेबाजपणाचा आरोप सोडला तर शरीररचनेच्या दृष्टीने ही म्हण तंतोतंत खरी आहे. कारण पोटाखालचा स्नायुमय भाग हाच या प्राण्याचा पाय होय. इंग्लंडमध्ये हा मुका जीव हौसेने काचेच्या पेटीत पाळतात. तेथे पाळली जाणारी मोठी आफ्रिकी गोगलगाय साधारणपणे 5-6 वर्षे जगते. साहजिकच तिच्या म्हातारपणाचा प्रश्न पाळणाऱ्यापुढे उभा राहतो.

वय झालेल्या गोगलगाईच्या शंखाचा रंग उडतो, टोक झिजते, खाणे कमी होते आणि ती दीर्घकाळ अंग आत ओढून पडून राहते. परंतु ही लक्षणे केवळ वार्धक्याचीच असतात असे नव्हे. पेटीतील हवा कोरडी पडली किंवा आहारातील चुना कमी झाला, तर तरुण गोगलगाईचीही अशीच अवस्था होते. म्हणून ‘वय झाले’ असा निर्वाळा देण्यापूर्वी या दोन उणिवा दूर करून पाहणे हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.

पेटीतील माती अथवा नारळाच्या काथ्याचा भुसा ओलसर असावा, पण त्यात पाणी साचू नये. पाणी उथळ बशीत ठेवावे. गोगलगाय हवेवर श्वास घेते आणि अशक्त झाल्यावर खोल पाण्यात गुदमरते. तांबे या प्राण्याला विषारी असल्याने तांब्याच्या भांड्यातले पाणी तिला देऊ नये. मीठ तर तिच्या अंगातले पाणीच शोषून घेते. शंख मुख्यत्वे चुनखडीचा बनलेला असतो. त्यासाठी समुद्रफेस किंवा अंड्याच्या टरफलाची पूड पेटीत सदैव असावी. काकडी, गाजर इत्यादी भाज्या स्वच्छ धुऊन, किसून, ती बसली असेल तेथेच ठेवाव्यात. उंच चढून पडल्यास झिजलेला शंख सहज फुटतो, म्हणून पेटीतले दगड काढून टाकावेत.

शंखाला गेलेली बारीक चीर भरून निघू शकते. आतले प्रावार नावाचे आवरण तेथे चुन्याचा नवा थर चढवते. मात्र हे प्रावारच शंखापासून सुटून आले, तर बहुधा उपाय चालत नाही. अशा वेळी तिला ओलावा, अंधार आणि शांतता द्यावी. बाहेर ओढण्याचा प्रयत्न करू नये. शंखाच्या तोंडाशी पातळ पापुद्रा धरून ती निश्चल पडली असेल, तर तो मृत्यू नसून कोरड्या दिवसांतली दीर्घ निद्रा असू शकते. स्पर्शाला काहीच प्रतिसाद नाही आणि दुर्गंधी सुटली आहे, तेव्हाच शेवट झाला असे समजावे.

गोगलगाईंच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातील जंतांच्या अळ्या असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येते. यास्तव तिला हाताळल्यावर हात साबणाने धुणे अगत्याचे आहे.

सेवेचा कंटाळा आला, किंवा दया आली, म्हणून तिला बागेत सोडून देणे हे मात्र सर्वथा अयोग्य होय. आफ्रिकी गोगलगाय भारतात पसरली ती अशाच सोडण्यातून. 1847 मध्ये बेन्सन या गृहस्थाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगाई कलकत्त्यात चौरंगीच्या बागेत सोडल्या आणि त्यांचा उपद्रव पुढे देशभर शेतकऱ्यांना भोगावा लागला. 2022 मध्ये मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगाईंनी फस्त केली, तेव्हा कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. हा जीव उभयलिंगी आहे. एकदा समागम झाल्यावर ती पुष्कळ दिवसांनीही अंडी घालू शकते. तेव्हा एकटी म्हातारी गोगलगाय काय करणार, हा समज फसवा आहे. ज्या पेटीत तिला वाढवले, त्याच पेटीत तिचा शेवट शांतपणे होऊ देणे, यातच तिचेही हित आहे आणि शेजारच्या शेताचेही.