एका गळ्यातले दोन सूर

‘तुवा: व्हॉइसेस फ्रॉम द सेंटर ऑफ एशिया’ हा स्मिथसोनियन फोकवेजचा अल्बम १९९० साली निघाला. सायबेरियाच्या दक्षिणेला, सायान आणि तान्नू-ओला डोंगररांगांमध्ये गुरं-मेंढरं राखणाऱ्या तुवा लोकांचं गाणं त्यात आहे. अमेरिकी आणि सोव्हिएत अभ्यासकांनी मिळून १९८७मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, एक जण खर्जात घुमतोय आणि दुसरा वर शीळ घालतोय. गाणारा असतो एकच.

हे कसं होतं ते समजायला तानपुऱ्यापाशी बसावं. खर्जाची तार नीट लागली की कुणी न छेडलेला गंधार त्यातून ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुठलाच सूर एकटा निघत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर त्याच्यासोबत असतातच, आणि मूळ सूर पहिला धरला तर हा गंधार त्यांतला पाचवा. माणसाच्या आवाजातही ते सगळे असतात, पण एकजीव झालेले. तुवाचा गायक त्यांतला एकच वेचून मोठा करतो.

‘सिगित’ शैलीत हे लख्ख ऐकू येतं. गायक गळा आवळून एक सूर धरतो, समजा सेकंदाला १५० कंपनांचा. जीभ वर उचलून दातांमागच्या हिरड्यांना सगळीकडून चिकटवतो, एका बाजूला दाढांमागे तेवढी बारीक फट ठेवतो आणि आवाज तिथून वळवून पुढे ओठांशी आणतो. मग जिभेचा मधला भाग जरासा हलला तरी तोंडातल्या पोकळीचा आकार बदलतो आणि तिच्याशी जुळणारा उपस्वर खणखणीत वाजू लागतो: नववा असला तर १३५० कंपनांचा, दहावा असला तर १५००. खालचा सूर जागचा हलत नाही.

सातवा आणि अकरावा उपस्वर हे गायक कटाक्षाने टाळतात. मुख्यतः सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा घेतात. म्हणजे प, सा, रे, ग, प. धैवत नसला तरी मराठी कानाला त्यात भूप रागाची ओळख पटते, आणि मला या अल्बममधलं हेच सर्वांत मोठं सुख वाटतं.

‘कार्गिरा’ शैलीचा मार्ग वेगळा. त्यात स्वरतंतूंच्या वरच्या घड्याही निम्म्या वेगाने थरथरतात, म्हणून आवाज एक सप्तक खाली उतरतो. तो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये. तिथे खालचा सूर गळून जातो आणि नुसती घरघर उरते. चांगला हेडफोन लावावा.