मापाची परीक्षा आधीं

घरांतील कलहाचें मूळ पुष्कळदां संशयांत असतें, आणि संशयाचें मूळ मापाच्या अभावांत. आमच्या घराचे मजले तीन, संसार तीन, आणि विजेचें मीटर मात्र एक! बिल आलें, कीं कोणाचा वांटा किती, हा प्रश्न दर महिन्यास उपस्थित होई. पुरवठा थ्री-फेज असून तळमजल्यास लाल, मधल्या म्हणजे आमच्या मजल्यास पिवळी, व वरच्या, पुतण्याच्या मजल्यास निळी, अशी फेजची वांटणी मूळचीच होती. तेव्हां प्रत्येक फेजवर एकेक सेन्सर बसवून मोबाईलवर हिशेब पाहावा, असें ठरलें.

हा सेन्सर म्हणजे उघडून पुन्हां मिटतां येणारें एक लहानसें कडें. फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेल्या विद्युत्प्रवर्तनाच्या नियमानुसार, तारेंतील बदलत्या प्रवाहामुळें कड्याच्या वेटोळ्यांत अल्प प्रवाह उत्पन्न होतो. १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर हें प्रमाण बरेंच प्रचारांत आहे. तार तोडावी लागत नाहीं. मात्र कड्यांत तार एकच असावी. फेज व न्यूट्रल दोन्ही घातल्या, तर जाणारा व परतणारा प्रवाह परस्परांस नाहींसे करतात आणि माप शून्य येतें. कडें तारेवर चढविण्यापूर्वी त्याचीं टोकें यंत्रास जोडावींत, कारण उघड्या टोकांवर घातक दाब निर्माण होऊं शकतो. मेन स्विच बंद केला, तरी त्याच्या आगमनाच्या बाजूस वीज असतेच. म्हणून हें काम परवानाधारक वायरमननेंच करावें.

आमच्या येथें काम वायरमननें केलें. पण पिवळ्या व निळ्या फेजच्या सेन्सरांचीं टोकें यंत्रांत जोडतांना अदलाबदल झाली. त्या दोन्ही मजल्यांचे आंकडे ऋण दिसूं लागले. कड्यावरील बाणाची दिशा चुकली असावी, असें समजून आम्हीं दोन्ही कडीं उलटीं करविलीं. आंकडे धन झाले, आणि आमचें समाधान झालें! महिनाअखेर वरच्या मजल्याचा खर्च सर्वांत अधिक निघाला. आम्हीं सूनबाईंस काटकसरीबद्दल दोन शब्द सुनावले. ती कांहीं बोलली नाहीं.

पुढें पुतण्याचें कुटुंब चार दिवस परगांवीं गेलें. वरचा मुख्य स्विच बंद. तरीहि पहांटे त्यांच्या नांवावर १००० वॅट! त्याच वेळीं आमचा २००० वॅटचा गिझर चालू होता. तेव्हां उलगडा झाला. विद्युत्शक्ति काढावयाची, तर प्रवाहाबरोबर त्याच फेजचा दाब हवा. तीन फेजचे दाब एकमेकांपासून १२० अंशांनीं पुढेंमागें असतात, आणि १२० अंशांची कोज्या उणे अर्धा. म्हणून गिझरसारख्या उपकरणाचें माप चुकीच्या फेजवर निम्में आणि ऋण येतें. कडें उलटें केल्यानें ऋणचिन्ह गेलें. चूक मात्र झांकली गेली.

टोकें ठिकाणावर आणल्यावर अधिक खर्च आमचाच ठरला. गिझर सकाळीं लावावा आणि रात्रीं निजतांना आठवण झाली तर बंद करावा, ही आमची संवय!

वाचकांस आमची सूचना एवढीच. सेन्सर बसविल्यावर प्रत्येक फेजवर ज्याचें वॅटमान ठाऊक आहे असें एकेक उपकरण पाळीपाळीनें चालवून पाहावें. पूर्ण पण ऋण आंकडा आला, तर बाण उलटा. निम्मा आला, तर फेज चुकीची. मग एका दिवसाची तिन्ही फेजची बेरीज मुख्य मीटरच्या युनिटांशीं ताडून पाहावी. आमच्या दोन मजल्यांचे आंकडे निम्मे येत असतां ही बेरीज पहिल्याच दिवशीं चूक दाखविती. पण ती केली कोणी? प्रमाण शुद्ध असल्यावांचून निर्णय देऊं नये, हें आम्हीं वर्गांत आयुष्यभर शिकविलें, आणि घरांत विसरलों.

सूनबाई परत आली, तेव्हां आम्हीं जिना चढून वर गेलों आणि झाली चूक तिच्यापुढें कबूल केली. तिनें हंसून चहा पुढें ठेवला, आणि आमचा गिझर बंद आहे ना, एवढेंच विचारलें.