शेवटी उरलेला भिडू
प्राथमिक शाळेतल्या मुलांना खेळांतून माणसांत राहायला शिकवताना

रविवारी सकाळी त्रिसरण-पंचशील आणि वंदना झाली की आमच्या विहारासमोरच्या अंगणात मुले लगोरी मांडतात. दोन मोठी मुले म्होरके होतात आणि आळीपाळीने भिडू मागतात. आधी चपळ मुले जातात, मग म्होरक्यांचे मित्र, मग त्यांची भावंडे. शेवटी एकजण उरतो. "ह्याला तुम्ही घ्या." "नको, तुम्हीच घ्या." ही घासाघीस त्याच्या तोंडावरच चालते.

गेल्या उन्हाळ्यात असा उरणारा मुलगा तिसरीतला होता. आईबाप ऊसतोडीला जाणारे. सहा महिने फडावर काढून तो परत आला, तोवर इथल्या मुलांच्या जोड्या जमून गेल्या होत्या. दोन रविवार तो असाच उरला. तिसऱ्या रविवारी आला नाही. आजीकडे चौकशी केली तेव्हा ती म्हणाली, "पोट दुखतंय म्हणतो. रविवारीच बरं दुखतंय."

ते दोन्ही रविवार आम्ही वर्ग घेणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 'मुलांचा खेळ आहे, त्यांचे ते बघतील' असे म्हणून आम्ही आत सतरंज्या गोळा करत राहिलो. त्या पोटदुखीने आम्हाला विचार करायला लावले. हा लेख त्यातूनच आला आहे.

आरोग्याच्या पानावर खेळ कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालच्या आपल्या घटनेत आरोग्याची जी व्याख्या केली, तीत शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याबरोबर सामाजिक स्वास्थ्यही आहे. रोग नाही म्हणजे आरोग्य आहे, असे ती मानत नाही. चारचौघांत आपल्याला जागा आहे, ही खात्री मुलाच्या झोपेशी, भुकेशी आणि अभ्यासाशी जोडलेली असते. ती खात्री गेली की लहान मूल "मला एकटे वाटते" असे सांगत नाही. ते पोट दुखते म्हणते, डोके दुखते म्हणते, शाळेत जायला नको म्हणते.

सहा ते अकरा वर्षे, म्हणजे पहिली ते पाचवी, या वयात मूल घराबाहेरच्या माणसांत राहायला शिकते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याचे ऐकणे, "मला घेता का?" असे विचारणे, हरल्यावर चिडून पट न मोडणे, चुकल्यावर कबूल करणे, भांडण मिटवणे आणि नको असेल तिथे ठामपणे नाही म्हणणे, ही सगळी कौशल्ये आहेत. पोहणे किंवा सायकल यांसारखी ती सरावाने येतात. फळ्यावर 'सर्वांशी मैत्रीने वागा' असे लिहून ती येत नाहीत. सरावाची जागा खेळ हीच आहे, कारण खेळात राग, भीती, हेवा, आनंद हे सगळे खरे असते आणि चूक झाली तरी पुढचा डाव मिळतो.

आपल्याला हे जास्त कळायला हवे

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, हे आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. आजही काही मुलांना शाळेत आडनाव विचारून बाजूला केले जाते. ते सोसलेला समाज आपला आहे. म्हणूनच आपल्या अंगणात कोण उरते, हे आपण अधिक काळजीने पाहिले पाहिजे. आमच्याकडे पाहिले तेव्हा ऊसतोडीहून आलेला मुलगा उरत होता, तोतरे बोलणारी मुलगी उरत होती आणि नव्याने राहायला आलेल्या, दुसऱ्या समाजातल्या घरची दोन भावंडे कट्ट्यावर बसून होती. यांना कुणी बाहेर काढले नव्हते, पण आत घेतलेही नव्हते.

बाबासाहेबांनी १९३६ साली छापलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात लोकशाहीला राज्यकारभाराच्या पद्धतीपेक्षा एकत्र जगण्याची रीत मानले आहे. त्या रीतीचा पहिला धडा मूल पुस्तकात गिरवत नाही. तो लगोरीच्या डावात भिडू निवडताना गिरवला जातो, नाहीतर तिथेच चुकतो.

अमेरिकेतला एक अनुभव

१९७१ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात काळ्या, गोऱ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका शाळेत आणले गेले. मुले एका छताखाली आली, पण मने जुळली नाहीत. मारामाऱ्या सुरू झाल्या. तिथले मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी वर्ग पाहिले. त्यांच्या लक्षात आले की शिक्षक प्रश्न विचारतात, हात वर होतात, एकाला शाबासकी मिळते आणि बाकीचे हरतात. असा वर्ग म्हणजे रोजची शर्यतच होती.

त्यांनी मिश्र मुलांचे छोटे गट केले आणि धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा दिला. आपला तुकडा नीट वाचायचा आणि गटाला समजावून सांगायचा. दुसऱ्याचे ऐकले नाही तर धडा अर्धवट राहणार. जोडचित्रासारखी ही पद्धत असल्याने तिला 'जिगसॉ' नाव पडले. अडखळत बोलणाऱ्या मुलाला चिडवले तर आपलेच नुकसान होते, हे मुलांना उपदेशाशिवाय कळले. ती त्याला धीर देऊ लागली, नीट प्रश्न विचारू लागली. मुलांमधला दुरावा कमी झाला आणि मागे पडलेल्या मुलांचे गुणही सुधारले.

नुसते जवळ बसवून मैत्री होत नाही. एकमेकांची गरज पडेल अशी रचना लागते, हे आम्ही यातून घेतले.

आम्ही खेळत असलेले चार खेळ

साखळी. हा खेळ सगळ्यांना येतो. ज्याच्यावर राज्य असेल तो ज्याला शिवेल, त्याने त्याचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला पकडायचे. साखळी वाढत जाते. हात सुटला तर शिवलेले धरत नाहीत. यात बाद होणारा बाहेर बसत नाही, आत येतो. सगळ्यांत जोरात धावणाऱ्याला सगळ्यांत हळू धावणाऱ्याच्या चालीने धावावे लागते. आणि सगळे हात धरतात. ज्या समाजात स्पर्शाचाच विटाळ मानला गेला, तिथे मुलांनी एकमेकांचे हात घट्ट धरून धावणे ही साधी गोष्ट नाही. म्हणून आमचा प्रत्येक वर्ग साखळीने सुरू होतो.

जोडचित्र. जुन्या दिनदर्शिकेवरचे आगगाडीचे, झाडाचे किंवा प्राण्याचे चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून वीस तुकडे करावेत. (महापुरुषांचे चित्र मुलांच्या हाताने कापायला देऊ नये.) पाच मुलांच्या गटात प्रत्येकाला चार तुकडे द्यावेत. नियम एकच: दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. हवा असेल तर मागायचा. द्यायचा की नाही आणि कुठे ठेवायचा, ते ज्याचा तुकडा त्याने ठरवायचे. पहिल्या दिवशी हिसकाहिसकी होते. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत "तुझा तो निळा इथे बसेल का?" अशी भाषा ऐकू येते. सम्यक वाचा म्हणतात ती हीच.

कागदावरची जागा. संगीत खुर्चीत खुर्च्या कमी होतात आणि मुले बाद होतात. आपण वर्तमानपत्राचे कागद पसरावेत. थाळी वाजवावी, मुलांनी फिरावे, थाळी थांबली की प्रत्येकाचा एक तरी पाय कागदावर हवा. दर फेरीला एक कागद काढायचा. मुले मात्र एकही कमी होत नाही. शेवटी दोन-तीन कागदांवर सगळा वर्ग एकमेकांना धरून उभा असतो. चौथी-पाचवीतल्या मुला-मुलींना संकोच वाटत असेल तर त्यांचे गट वेगळे करावेत.

चेहरा ओळखा. चिठ्ठ्यांवर राग, भीती, लाज, हेवा, आनंद, कंटाळा असे लिहावे. एकाने न बोलता तो भाव करून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. मग प्रत्येकाने सांगायचे, "मला असे कधी वाटले होते." आमच्याकडे 'लाज' ही चिठ्ठी आली तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मधल्या सुट्टीत माझा डबा कुणी खात नाही तेव्हा." वर्ग गप्प झाला. पुढच्या रविवारी तिच्या शाळेतल्याच दोघी तिला म्हणाल्या, "उद्या आमच्यात बस." हे आम्ही शिकवलेले नव्हते.

भिडू कसे निवडावेत, 'कच्चा लिंबू' कुणाला करावे

म्होरक्यांनी भिडू मागण्याची पद्धत आम्ही बंद केली. आता मुले हाताचे पंजे उलटेसुलटे टाकून सुटतात, किंवा दोन रंगांचे दोरे पिशवीतून काढतात, किंवा जन्ममहिन्यावरून गट पडतात. नशिबाने पडलेल्या गटात कुणाचा अपमान होत नाही.

आपल्याकडे लहानग्याला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. चार वर्षांच्या भावंडासाठी ही सुंदर सोय आहे. पण पायाने अधू असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला कच्चा लिंबू केले की तो खेळात असूनही मोजला जात नाही. त्याच्यासाठी नियम बदलावा: लगोरी जवळून फोडू द्यावी, किंवा सगळ्यांनीच लंगडी घालत खेळावे. नियम कसा बदलायचा ते मुलांनाच विचारावे. मोठ्यांपेक्षा त्यांना चांगली युक्ती सुचते.

खेळानंतरची पाच मिनिटे

बुद्धांनी लहान राहुलाला उपदेश करताना हातात पाण्याचे भांडे घेतले होते. तळाशी उरलेले थोडे पाणी दाखवले, ते ओतून टाकले, भांडे पालथे करून पुन्हा उलटे केले आणि मग खोटे बोलण्याविषयी सांगितले. पुढे आरशाचे उदाहरण देऊन शिकवले की कोणतेही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर पाहावे, यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का? मज्झिम निकायातल्या अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात हा प्रसंग आहे. मुलाला आधी वस्तू दाखवावी आणि मग प्रश्न द्यावा, ही पद्धत आपल्याकडे इतकी जुनी आहे.

त्याच धर्तीवर खेळ संपला की आम्ही गोल बसतो आणि तीनच प्रश्न विचारतो. काय झाले? कुणाला कसे वाटले? पुढच्या वेळी काय वेगळे करू? प्रवचन द्यायचे नाही, दोषी शोधायचा नाही. ज्याला बोलायचे नसेल त्याने "पुढे" म्हणायचे. ही पाच मिनिटे वगळली तर खेळ फक्त दमवतो.

सोसणे शिकवू नका

एक गोष्ट पालकांनी स्पष्ट समजून घ्यावी. सामाजिक कौशल्य म्हणजे गुमान ऐकणे नव्हे. शाळेत मुलाला जातीवरून हिणवले जात असेल, वेगळे बसवले जात असेल, मार बसत असेल, तर 'तू नीट वाग, मिसळून घे' असे त्याला सांगणे अन्याय आहे. तिथे कौशल्याची कमतरता मुलात नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. खेळात आम्ही मुलांना मोठ्याने "थांब, मला हे आवडत नाही" म्हणायचा सराव देतो आणि त्यानंतर मोठ्या माणसाला सांगायचाही.

काही मुलांना खेळापेक्षा जास्त मदत लागते. मूल महिनोन्महिने कुणातच मिसळत नसेल, हाकेला प्रतिसाद देत नसेल, नीट बोलत नसेल, आधी सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांत मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज असेल तर पुढे पाठवले जाते. मनाच्या तक्रारींसाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आणि वारंवार दुखणारे पोट आधी डॉक्टरांनी तपासायला हवेच. ते मनाचे आहे असे आपणच ठरवू नये.

त्या मुलाचे पोट आजीने प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले. काही निघाले नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि साखळीत एक जण कमी पडतोय, एवढेच सांगितले. तो आला. अजून तो फारसा बोलत नाही आणि लगोरी त्याला फुटत नाही. पण फडावर शिकलेला काठ्यांचा एक खेळ त्याने परवा मुलांना शिकवला. नियम तोच सांगत होता आणि पाचवीतली मोठी मुले त्याला विचारत होती, "आता राज्य कुणावर?"

दिवाळीनंतर तो पुन्हा फडावर जाईल. त्याचा रंगीत दोरा पिशवीत ठेवायचा, असे मुलांनी ठरवले आहे. येत्या रविवारी आपापल्या विहारासमोर पाच मिनिटे उभे राहून पाहा, तिथे शेवटी कोण उरते.

जय भीम!