बर्फ तोलणारी नळी

कॅलिफोर्नियाचं सगळं आपल्या उलट. पाऊस हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. शेतं पाणी मागतात जून-जुलैत, तेव्हा आभाळात ढगही नसतो. तरी नद्या वाहत असतात, कारण सिएरा नेवाडाच्या डोंगरांवर साचलेला बर्फ सावकाश वितळत असतो. राज्य वापरतं त्यातलं सुमारे 30 टक्के पाणी असं आधी बर्फ होऊन राहिलेलं असतं. भिंत नाही, दरवाजे नाहीत, तरी ते धरणच!

पण या धरणात पाणी किती? बर्फाची जाडी फसवी असते. नुकत्या पडलेल्या मीटरभर भुसभुशीत बर्फात जेमतेम दहा सेंटिमीटर पाणी. वसंतात दबून घट्ट झालेल्या तेवढ्याच थरात त्याच्या चौपट. तेव्हा बर्फ तोलायलाच हवा.

तो तोलण्याची सोपी रीत बसवली जेम्स चर्च यांनी. नेवाडा विद्यापीठात ते चक्क लॅटिन शिकवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, माउंट रोझच्या उतारांवर काम करताना, त्यांनी दातेरी तोंडाची पोकळ नळी घडवली. ती जमिनीपर्यंत खुपसायची, आतल्या बर्फासकट उपसायची, काट्याला लावायची. खरी कमाल तिच्या तोंडात आहे. आज रूढ असलेल्या नळीच्या तोंडाचा व्यास 1.485 इंच. हा विचित्र आकडा का? या मापाच्या नळीत एक इंच उंच पाण्याचं वजन एक औंस भरतं, म्हणून. नळीचं वजन वजा जाता काट्यावर वीस औंस, तर बर्फात वीस इंच पाणी. बोटं गारठलेली असताना गुणाकार नको की भागाकार नको. इतकं देखणं गणित मी क्वचितच पाहिलं आहे.

बर्फ साधारण 1 एप्रिलच्या सुमारास सर्वाधिक असतो. 2015 साली त्या दिवशी तो सरासरीच्या फक्त 5 टक्के निघाला. गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरातल्या फिलिप्स या बर्फ मोजण्याच्या ठिकाणी सुक्या गवतात उभे राहिले आणि शहरांचा पाणीवापर 25 टक्क्यांनी घटवण्याचा हुकूम दिला. 2023 मध्ये तोच बर्फ सरासरीच्या दुपटीहून जास्त! आता जमिनीवरचे संवेदक बर्फाचं वजन आपोआप कळवतात, विमानं लेसरने त्याची जाडी मोजतात. पुरासाठी धरणात जागा राखायची की थेंबन् थेंब अडवायचा, हे या आकड्यांवरून ठरतं.

तरी 2021 मध्ये अंदाज चुकला. बर्फ होता, वितळलाही. पण धरणांत अपेक्षेपेक्षा फारच कमी पाणी आलं. आधीच्या कोरड्या वर्षाने तहानलेली माती वाटेतच ते पिऊन गेली होती. पाण्याचा अंदाज बांधताना आता मातीतली ओलही पाहावी लागते.