डब्यातला वाटाणा आणि बांधावरचा पेरू

गळीत हंगाम सुरू होऊन पहिल्या हप्त्याची रक्कम खात्यावर पडली, की आपल्या भागातल्या बाजाराला तेज येतं. कापडचोपड, भांडीकुंडी तर होतेच. हल्ली त्या पिशवीत हिरव्या वाटाण्याचे डबेही दिसू लागले आहेत. पाहुणेरावळे आले की डबा फोडायचा, म्हणजे शहरासारखं जेवण झालं! आणि त्याच दिवसांत बांधावरच्या पेरूच्या पाट्या मात्र व्यापारी म्हणेल त्या भावाने जातात. या देवघेवीत घरात काय आलं आणि घरातून काय गेलं, याचा हिशेब सभासद बंधू-भगिनींनी एकदा मांडून पाहावा.

डबाबंद वाटाणा म्हणजे काही विष नव्हे. डबा हवाबंद करून सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, त्यात जंतू मरतात, म्हणून तो टिकतो. निथळलेल्या १०० ग्रॅम वाटाण्यात सव्वाचार-साडेचार ग्रॅम प्रथिने असतात, पेरूत अडीचच. तेवढ्यापुरता वाटाणा सरस. पण प्रथिनांसाठी आपल्या घरात तूर, हरभरा, मटकी आहेच की.

खरा फरक 'क' जीवनसत्त्वाचा. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या वर असतं. ताज्या वाटाण्यात ४० च्या आसपास, आणि डब्यातल्या वाटाण्यात जेमतेम १०, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरतं. बाईमाणसाला दिवसाला सुमारे ६५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे अर्धा पेरू पुरे. डब्यातला वाटाणा खाऊन तेवढं मिळवायचं तर अर्ध्या किलोच्या वर रिचवावा लागेल! वर डब्यातलं मीठ वेगळंच. रक्तदाब असलेल्यांनी तरी ते पाणी ओतून, दाणे धुऊन घ्यावेत.

आणखी एक गंमत. काही डब्यांत शेंगांतले ताजे दाणे नसतातच. वाळलेला वाटाणा भिजवून भरलेला असतो. लेबलावर बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, शाळकरी पोराकडून वाचून घ्यावं.

आता हे 'क' जीवनसत्त्व एवढं मनावर का घ्यायचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. याला कारणं अनेक आहेत, पण एक आपल्या ताटातच आहे. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी यांत लोह असतं, पण ते अंगी फार थोडं लागतं. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व पोटात गेलं तर जास्त लागतं. म्हणून पेरू उन्हात हिंडताना खाण्यापेक्षा जेवणाबरोबर, सालीसकट, आयत्या वेळी चिरून खावा. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोहाला अडवतो. ज्यांचं रक्त फारच उतरलं आहे त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्यातच, पेरूवर विसंबून राहू नये.

'पेरूने सर्दी होते' म्हणून म्हाताऱ्या मंडळी पोरांच्या हातून फळ काढून घेतात. सर्दी विषाणूंनी होते, पेरूने नव्हे. थंडीत पेरूही येतो आणि सर्दीही, एवढाच काय तो संबंध.

डबा आणलाच तर फुगलेला, गंजलेला वा चेपलेला घेऊ नये. फुगलेल्या डब्यातलं चाखूनही पाहू नये, जनावरापुढेही टाकू नये.

झाड लावायचंच असेल तर सरदार पेरूचं दाब कलम आणावं. या जातीला लखनौ-४९ असंही म्हणतात, पण तिची निवड झाली ती आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत. दोन-तीन वर्षांत फळ धरतं. पावसाळी फळात फळमाशीच्या अळ्या फार, म्हणून मृग बहर धरावा; त्याची फळं ऐन गळिताच्या दिवसांत हाताशी येतात.