एमबीचं पान मागा

मुंबईतला हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये रेल्वेच्या अठरा तासांच्या ब्लॉकमध्ये पाडला आणि माझगाव-डोंगरीचा जवळचा रस्ता तुटला. नव्या पुलाची एक बाजू वाहतुकीला खुली झाली ती 1 ऑगस्ट 2022 ला. मधल्या काळात ‘एवढा पैसा जातो कुठे?’ हा प्रश्न नाक्यानाक्यावर विचारला गेला. नाक्यावर त्याचं उत्तर मिळत नाही, कागदावर मिळू शकतं.

पूल असो की फूटपाथ, पालिकेच्या कामामागे कागदांची एक साखळी असते: अंदाजपत्रक, टेंडर, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक आणि बिल. यातलं मोजमाप पुस्तक, म्हणजे इंजिनिअरांच्या बोलण्यातली ‘एमबी’, सगळ्यात बोलकी. किती लांबी, किती रुंदी, किती जाडी भरली याची नोंद तिच्यात असते आणि तिच्यावरूनच बिल निघतं. फूटपाथची लांबी-रुंदी तर कुणीही टेपने मोजू शकतो.

हे कागद माहिती अधिकारात मागायचे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांत. माझगावच्या गल्लीतल्या छोट्या कामासाठी भायखळ्याचं ई विभाग कार्यालय गाठावं. पुलांचं खातं वेगळं आहे. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तरी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्या खात्यावर बंधनकारक आहे.

पुष्कळ अर्ज मरतात ते ‘का’ या शब्दाने. ‘खर्च का वाढला?’ असं विचारलं की ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं कोरडं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरूनही असतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये तसंच म्हटलं आहे. त्याऐवजी ‘वाढीव खर्चाला मंजुरी देणाऱ्या टिपणीची प्रत द्या’ असं लिहावं. खर्चवाढीचं कारण त्या टिपणीतच असतं. कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फारसं कुणी वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

कागदच नसला तर? तीही माहितीच. कॅगने पालिकेची कामं तपासून दिलेला अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यात सुमारे 214 कोटींची 20 कामं टेंडरविना दिल्याचं आणि 4,755 कोटींच्या 64 कामांत कंत्राटदाराशी करारच झाला नसल्याचं नमूद आहे. म्हणून अर्जात कराराची प्रतही मागावी.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे पहिलं अपील. तिथेही दाद लागली नाही, तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोग. तिथली रांग लांब असते. पण पहिल्या अपिलाच्या सुनावणीत संबंधित अधिकाऱ्याला सहसा समोर बसावं लागतं, आणि अनेकदा एमबीची झेरॉक्स तिथेच हातात पडते.