पीळ सोडवणारी कात्री

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. सुंभ वळणारे हात आता खेड्यांतही दुर्मीळ झाले. पण पीळ ही काय चीज आहे हे समजावून सांगायला मला दोरीइतके सोयीचे साधन अजून सापडलेले नाही. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ताथवड्याला राहायला आलो. गावात जैवतंत्रज्ञान शिकवणारी संस्था आहे, इतर महाविद्यालयेही बरीच. परीक्षा जवळ आली, की सोसायटीतली मुले ‘काका, एवढे एक सांगा ना’ म्हणत दार वाजवतात. त्यांना हमखास अडणारा शब्द म्हणजे टोपोआयसोमरेज. नुसता ऐकूनच पोटात गोळा यावा असा! मग मी वही बाजूला ठेवतो आणि स्वयंपाकघरातून सुतळीचा तुकडा आणतो.

वाचकांनीही हा प्रयोग घरी करून पाहावा. दोन पदरी सुतळीचा हातभर तुकडा घ्यावा. कोणाला तरी त्याची दोन्ही टोके ताणून धरायला सांगावे. मधोमध दोन पदरांच्या फटीत पेन्सिल खुपसावी आणि एका टोकाकडे सरकवत न्यावी. पेन्सिलीच्या मागे पदर सुटे होतात, पण पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि थोड्याच वेळात पेन्सिल अडते. त्या बाजूचे टोक सोडले, तर दोरी गरकन फिरते आणि वाट मोकळी होते. जिवाणूची पंचाईत अशी, की त्याच्या दोरीला टोकच नसते. त्याचा डीएनए म्हणजे एक बंद कडे.

आपल्या आतड्यात सुखाने नांदणारा ई. कोलाय हा जिवाणू घ्या. लांबी मिलिमीटरचा दोन हजारावा-तीन हजारावा भाग नव्हे, तर हजारांश दोन. म्हणजे पाचशे जिवाणू ओळीने ठेवले तर एक मिलिमीटर होईल. त्याच्या पोटातले डीएनएचे कडे उलगडले, तर ते दीड मिलिमीटर भरते. त्यात अक्षरांच्या सुमारे ४६ लाख जोड्या, आणि दर साडेदहा जोड्यांमागे एक वेढा. म्हणजे सव्वाचार लाखांहून अधिक वेढे. जिवाणूला दोन व्हायचे, तर हे दोन पदर पूर्ण सुटे करून प्रत्येकाशेजारी नवा पदर वळायचा, आणि तेही साधारण ४० मिनिटांत. नक्कल करणारी यंत्रणा एका ठिकाणाहून निघून दोन्ही दिशांना धावते. एकेका बाजूला सेकंदाला जवळजवळ हजार अक्षरे, म्हणजे सुमारे ९० वेढे. मिनिटाचा हिशेब केला तर साडेपाच हजारांच्या आसपास फेरे! चाकणच्या कारखान्यांतली मुले हा आकडा ऐकून चमकतात, कारण मोटारीच्या इंजिनाचा काटा साडेपाच हजारांवर गेला, की ते किंचाळायला लागते.

ही अडचण वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये दुपेडी रचना मांडली तेव्हापासूनची. मॅक्स डेलब्रुक यांनी पुढच्याच वर्षी शंका काढली, की एवढा पीळ सुटणार कसा? मध्येच धागा तुटून पुन्हा जुळत असला पाहिजे, अशी त्यांची कल्पना होती. गंमत म्हणजे त्याच १९५४ साली, आमच्या ताथवड्याहून फार दूर नाही अशा पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलिन तयार करण्याची सोय झाली. इथल्या संशोधकांनी एका सूक्ष्मजीवाला तर पिंपरीचेच नाव दिले: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जिवाणूंना मारणारे औषध आणि जिवाणूंचा पीळ हे दोन विषय तेव्हा एकमेकांपासून कोसो दूर होते.

तोडून जोडणारा कारागीर पहिल्यांदा सापडला तो १९७१ मध्ये, जेम्स वांग यांना. त्यांनी ई. कोलायमधून असे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळे काढले, की जे डीएनएचा एक पदर कापते, पीळ सैल होऊ देते आणि पदर पुन्हा सांधते. १९७६ मध्ये मार्टिन गेलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुसरे मिळाले. ते शोधत होते भलतेच: एक विषाणू जिवाणूच्या डीएनएत स्वतःला कसा गुंफून घेतो, हे. हाती लागले गायरेज.

हे गायरेज म्हणजे या कथेतले मुख्य पात्र. ते डीएनएचा थोडा भाग स्वतःभोवती गुंडाळून घेते, दोन्ही पदर एकदम कापते, कापलेली टोके स्वतःच्या अंगाशी पक्की जखडून धरते, त्या फटीतून त्याच डीएनएचा दुसरा भाग पलीकडे सरकवते आणि फट बुजवते. एका खेपेत दोन पीळ कमी. जादूगार कडी एकमेकांतून आरपार काढतो तेव्हा आपल्याला फट दिसत नाही. इथे फट खरोखरच पडते, फक्त टोके क्षणभरही मोकळी सुटत नाहीत. गायरेज नक्कल करणाऱ्या यंत्रणेपुढे धावत पीळ उतरवत राहते. आणखी एक टोपोआयसोमरेज, चौथ्या क्रमांकाचे, काम संपताना लागते. नक्कल पुरी झाल्यावर दोन कडी साखळीच्या दुव्यांसारखी एकमेकांत अडकलेली असतात. ती सुटली नाहीत, तर दोन पिल्ले एकमेकांपासून वेगळी होऊच शकत नाहीत. ती सोडवणे हे याचे काम.

आता औषधाची बाजू. १९६२ मध्ये क्लोरोक्विन तयार करताना निघालेल्या एका उपपदार्थावरून जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅलिडिक्सिक ॲसिड शोधून काढले. लघवीच्या मार्गाच्या जंतुसंसर्गावर ते वापरात आले. ते नेमके मारते कुठे, हे कळायला १९७७ उजाडले: गायरेजवर! औषध आधी आणि कारण मागाहून, हा वैद्यकातला जुना रिवाज आहे. याच घराण्यातले सिप्रोफ्लॉक्सासिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि आपल्याकडे तर ‘सिप्रो’ हे घरगुतीच नाव झाले.

ही गोळी गायरेजला नुसते थांबवत नाही. कापणे झाले आहे, सांधणे व्हायचे आहे, अशा नेमक्या क्षणी ती फटीत पाचर मारून बसते. डीएनए कापलेलाच राहतो, धावत आलेली नक्कल यंत्रणा त्यावर आदळते आणि जिवाणू आपल्याच कात्रीने मरतो. आपल्या पेशींतही पीळ सोडवणारी विकरे आहेत, पण त्यांची घडण वेगळी असल्याने नेहमीच्या मात्रेत ही पाचर तिथे जवळजवळ बसत नाही. माणसाच्या विकरांवर मारा करणारी औषधे निराळी, आणि ती कर्करोगावर वापरतात. त्यांतल्या काहींचे मूळ द्रव्य कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडते. नरक्याच्या तोडीच्या आणि चोरट्या वाहतुकीच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील; त्या झाडामागे लोक का लागतात, त्याचे उत्तर हे आहे.

परवा आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या मुलाला चार दिवस ताप होता. त्याची आई गोळ्यांची अर्धवट पट्टी घेऊन आली. “काका, मागच्या वेळची सिप्रो उरलीय. टायफॉइडच वाटतोय, सुरू करू का?” मी म्हटले, “वहिनी, ती पट्टी इथेच ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. रक्ताचे कल्चर करून घ्या.” अहवालात टायफॉइडच निघाला, आणि सिप्रोपुढे ‘लागू पडत नाही’ असा शेरा. इंजेक्शने घेऊन मुलगा बरा झाला.

१९९० च्या आसपास टायफॉइडची जुनी औषधे निकामी होऊ लागली तेव्हा याच सिप्रोने कितीक घरे सावरली होती. आज भारतात सापडणाऱ्या टायफॉइडच्या बहुतेक जंतूंवर ती पूर्ण लागू पडत नाही. का? आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, असे म्हणतात. इथेही तसाच एका अक्षराचा खेळ आहे. गायरेजच्या साखळीत ८३ व्या जागी सेरीन असते. जनुकातले एक अक्षर बदलले, की तिथे दुसरेच अमिनो आम्ल येते आणि पाचरीची पकड ढिली पडते. असा एखादा जंतू लाखोंमध्ये आपसूक निपजतोच. अर्धवट घेतलेल्या गोळ्या बाकीच्यांना मारतात आणि त्याला मैदान मोकळे करून देतात.

गोळीचा बराचसा भाग तर अंगातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि सांडपाण्याबरोबर नदीला मिळतो. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे औषध कारखान्यांचे सांडपाणी स्वच्छ करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडिश संशोधकांनी तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रो निघाले. गोळी घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही इतके नसते! आपल्या पुण्यात मुठेच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातल्या पात्रात, वरच्या अंगाच्या तुलनेत, प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके कितीतरी जास्त आढळली. आम्ही पिंपरी-चिंचवडकर रावेतच्या बंधाऱ्यावर उचललेले पवनेचे पाणी पितो. ते निगडीला शुद्ध होते हे खरे. पण शहरातून पुढे वाहणारी पवना पाहिली, की मला मुठेचा गाळ आठवतो.

कात्री तीच ठेवून पाचर बदलण्याचे प्रयत्न चालू आहेत. गेपोटिडासिन हे नवे औषध गायरेजला जुन्या जागेऐवजी शेजारच्या जागी धरते. लघवीच्या संसर्गासाठी त्याला अमेरिकेत २०२५ मध्ये परवानगी मिळाली.

पण आपल्याकडे खरी कसोटी क्षयाची आहे. क्षयाच्या जंतूकडे चौथे टोपोआयसोमरेज नाहीच. पीळ उतरवणे आणि कडी सोडवणे ही दोन्ही कामे तो एकट्या गायरेजकडून करून घेतो. म्हणून बहुऔषधरोधक क्षयावर गायरेजला धरणारी औषधे मोलाची ठरतात. पूर्वी दीड-दोन वर्षे चालणारा हा उपचार सहा महिन्यांत आणणाऱ्या चार औषधांच्या पद्धतीला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली; त्यातले एक मॉक्सिफ्लॉक्सासिन, सिप्रोचे धाकटे भावंड. ते द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत जंतूचे गायरेजचे जनुक एका कागदी पट्टीवर तपासतात. मूळ अक्षरे शाबूत असतील, तर ठरलेल्या जागी रेघा उमटतात. तिथली एखादी रेघ उमटली नाही, तर ते औषध बाजूला पडते आणि उरलेल्या तिघांवर काम भागवावे लागते.